गुलाबी अळीची फ्लाय पाण्यात काळी पडते तेव्हा

"दाजी, व्हाईसवर होती तोवर मस्त गुलाबी होती. पाण्यात टाकली आणि चहाच्या चोथ्यासारखी दिसायला लागली. तीन तास झाले, एक मासा नाही."

मेहुण्याचा हा फोन एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आला. ती म्हणजे फ्लाय, मासा फसवायला गळावर दोरा आणि तंतू बांधून केलेला नकली किडा. व्हाईस म्हणजे बांधताना गळ पकडून ठेवणारा शिकंजा. मिशिगनमध्ये ट्राउटचा हंगाम त्याच शनिवारी उघडतो आणि दरवर्षी त्याच शनिवारी त्याचा हा फोन येतो. त्याला हसायचा मला अधिकार नाही. डेट्रॉईटकडून तीन तास गाडी हाणत ग्रेलिंगला जायचं, ऑ साबल नदीत कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहायचं आणि डोळ्यांसमोर मासे खाताना बघत हात हलवत परत यायचं, हे मी चार हंगाम केलंय.

"ग्लासात बुडवून बघितली होतीस का?" मी विचारलं.

"नाही."

मग पुढचं सगळं त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते सांगतो, म्हणजे तुमचं तेच आहे का ते कळेल. एप्रिलअखेर ते मेचा मध्य, वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. पाण्यावर एकही माशी नाही. उथळ, खळखळत्या पाण्यात (इथे त्याला रिफल म्हणतात, मीही तेच म्हणेन) किंवा ते पाणी जिथे खोल होतं तिथे तळाशी ट्राउट कुशीवर वळताना दिसतात. पिवळसर अंग चमकतं, पुन्हा तेच, पुन्हा तेच. म्हणजे मासा तळातून काहीतरी टिपतोय. तुम्ही नेहमीच्या फ्लाय काढता: फेझंट टेल लावता, हेअर्स इअर लावता, प्रिन्स लावता. मासा बाजूला सरकून तुमच्या फ्लायला वाट करून देतो. चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटतं.

बऱ्याचदा तो टिपत असतो ग्लॉसोसोमाची अळी. ही एक कॅडिस माशी (पतंगासारखी माशी, हिची अळी पाण्यात वाढते), मिशिगनमधली नेहमीची जात ग्लॉसोसोमा नायग्रिअर. इथले लोक तिला सॅडल-केस कॅडिस म्हणतात, घर खोगिरासारखं दिसतं म्हणून. मला ते कासवासारखं दिसतं. अर्ध्या वाटाण्याएवढा घुमट, बारीक खडे तोंडातल्या रेशमाने एकमेकांना चिकटवून केलेला. खालून सपाट पट्टा, पट्ट्याच्या पुढे-मागे दोन दारं. अळी हव्या त्या दारातून डोकं काढते आणि दगडावरचं शेवाळ खरवडत हळूहळू सरकते. दगड उचलून बघितला तर वाटतं वाळूचे खडे चिकटलेत. आपण बोटाने ते झटकतो आणि "यावर काही नाही" म्हणून दगड परत ठेवतो. दुसऱ्या कॅडिसपैकी ग्रॅनमचं चौकोनी धुराड्यासारखं घर सगळ्यांना ओळखता येतं, रायकोफिलाची हिरवी अळी सगळ्यांना ठाऊक आहे. ही बिचारी खडा समजून फेकली जाते. मी लहानपणी संगमेश्वरकडच्या व्हाळात खेकड्यांसाठी दगड उलटे करायचो, तेव्हाही दगडांना असली खड्यांची घरं चिकटलेली असायची आणि मीही ती बोटाने झटकायचो. सवय जुनी आहे.

आता हिची खरी गंमत. बहुतेक घरवाल्या कॅडिस अळ्या वाढल्या की घराच्या पुढच्या तोंडाला थोडं बांधकाम वाढवतात. परकराला खालून पट्टी जोडावी तसं. घुमटाला पट्टी जोडता येत नाही. म्हणून ग्लॉसोसोमा वाढली की जुनं घर सोडते आणि नवं बांधते. त्या मधल्या वेळात ती उघडी असते आणि एका ठिकाणच्या सगळ्या अळ्या साधारण एकाच वयाच्या असल्या तर बऱ्याच जणी एकदम उघड्या पडतात. दगडावरून सुटतात, वाहत जातात. माझ्या छोट्या जाळीत त्या मला भर दुपारी सापडल्या आहेत. ट्राउटला याहून सोपं जेवण नाही: खडे नाहीत, काटे नाहीत, नुसता गर.

फ्लाय बांधायला बसण्यापूर्वी एक खात्री करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. मुठीपासून खरबुजापर्यंतच्या आकाराचे पाच-सहा दगड रिफलमधून उचला. वाळूच्या तळात ही अळी शोधू नका. दगडाच्या वरच्या अंगावर घुमट दिसायला हवेत. एकाच दगडावर दहा-पंधरा दिसले तर बांधा. अजिबात नसले तर विषय सोडा, भलत्याच दुखण्यावर औषध चाललंय. मिशिगनच्या ओढ्यांत या अळीला मायक्रोस्पोरिडियन परजीवीचा रोग होतो आणि तो पसरला की तिची संख्या कोसळते. दगडावरचं शेवाळ मग वाढतं आणि ते खाणारे दुसरे किडेही वाढतात. त्यामुळे शेजारच्या ओढ्यात भरपूर आहे म्हणून तुमच्यातही असेल असं नाही.

घुमट आहेत असं धरून पुढे जाऊ.

रंग: इथेच ऐंशी टक्के माणसं अडकतात

ऐंशीचा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण मेहुणा, मी आणि क्लबात भेटलेले तीन-चार जण एवढ्यांत तरी खरा ठरला.

जिवंत अळीचा रंग पातळ सोलकढीचा. कोकम जरा कमी पडलेल्या आणि नारळाचं दूध सढळ असलेल्या सोलकढीचा. डोकं आणि पुढचे पाय गडद तपकिरी. दुकानात "शेल पिंक" लिहिलेलं डबिंग (दोऱ्यावर पिळून फ्लायचं अंग करायचे तंतू) मिळतं, आपण ते घेतो, नेहमीच्या काळ्या किंवा तपकिरी दोऱ्याने बांधतो. व्हाईसवर फ्लाय सुरेख दिसते. पाण्यात गेल्यावर ती करडी, मातकट, कधी जवळपास काळी.

कारण सोपं आहे. पावसात पांढरा सदरा भिजला की आतली बंडी दिसायला लागते, तसंच. कोरड्या डबिंगमध्ये तंतूंच्या आजूबाजूला हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि डबिंग फिकं, भरीव दिसतं. हवेच्या जागी पाणी शिरलं की तंतू जवळपास पारदर्शक होतात आणि आतलं दिसायला लागतं. आत काय असतं? काळा दोरा, ब्राँझ रंगाचा गळ आणि वजनासाठी गुंडाळलेली शिशाची काळसर तार. मासा तुमचं डबिंग बघतच नाही, बंडी बघतो.

उपाय करताना आतून बाहेर या.

आधी गळाच्या दांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा सपाट थर द्या. ७० डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) चपटा दोरा घ्या, बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं हत्यार) उलटी फिरवून पीळ काढून टाका, म्हणजे दोरा रिबिनीसारखा पसरतो आणि एका थरात दांडी झाकली जाते. तार वापरणार असाल तर तारेवरूनही तोच दोरा. पांढराच, क्रीमही नको. मी क्रीम वापरून बघितलाय, ओला झाला की पिवळट होतो.

मग डबिंग. शेल पिंक एकट्याने वापरू नका, ओलं झालं की मिठाईच्या रंगासारखं भडक दिसतं. तीन भाग क्रीम, एक भाग फिका गुलाबी आणि चिमूटभर टॅन. एवढंसं मिश्रण करायला यंत्र नको (चटणीचं भांडं वापरल्याबद्दल माझ्या घरी जे झालं ते इथे लिहीत नाही). झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि तिन्ही रंगांचे तंतू घाला. दोन मिनिटं जोरात हलवा, चहाच्या गाळणीत ओता, धुवा, वर्तमानपत्रावर वाळवा. तंतू छान मिसळतात.

दोऱ्यावर डबिंग घेताना जेवढं पुरेसं वाटतं त्याच्या निम्मं घ्या. आतली बंडी आता पांढरी आहे, ती दिसली तरी चालते. उलट थोडी दिसलीच पाहिजे, अळीच्या अंगाला जो ओलसर, आतून उजळल्यासारखा फिकेपणा असतो तो तिथूनच येतो.

डोक्यासाठी बरेच जण दोरा बदलतात. १८ नंबरच्या गळावर (नंबर मोठा तेवढा गळ लहान) दुसऱ्या दोऱ्याची गाठ म्हणजे डोक्यावर पागोटं. त्यापेक्षा पांढऱ्या दोऱ्याचे शेवटचे चार इंच गडद तपकिरी परमनंट मार्करने रंगवा, तीन-चार वेढे द्या आणि व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली दाबणारी शेवटची गाठ) करा. शाई डबिंगवर लागू द्यायची नाही एवढंच सांभाळायचं.

यातही दोन खाचखळगे आहेत. एक, मेण. दोऱ्याला मेण जास्त लागलं की ते डबिंगमध्ये मुरतं, त्याचा रंग मारतं आणि हवेचे बुडबुडेही धरून ठेवतं. दुसरा खड्डा मला दोन वर्षं सापडला नव्हता: डोक्यावर लावायचा गोंद. ब्रशने लावला की तो मागे डबिंगमध्ये झिरपतो आणि शरीराचा पुढचा तिसरा भाग कायमचा काळपट होतो. व्हाईसवर कळत नाही, कारण गोंद ओला असताना सगळंच काळपट दिसतं आणि आपण म्हणतो सुकेल. सुकतो, पण डाग राहतो. सुईच्या टोकावर एक थेंब घ्या आणि वेढ्यांवर टेकवा. बास.

आणि मग ती परीक्षा, जी मेहुणा दरवर्षी चुकवतो. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात फ्लाय. बोटांनी दाबून आतली हवा काढा, पाच मिनिटं थांबा, ग्लास खिडकीच्या उजेडासमोर धरा. शक्य असेल तर नदीवरून आणलेली अळी शेजारी, पाण्याने भरलेल्या पांढऱ्या झाकणात. एकदा मी काळा, तपकिरी, ऑलिव्ह, करडा, क्रीम आणि पांढरा अशा सहा दोऱ्यांवर तेच डबिंग बांधून स्वयंपाकघरात ओट्यावर सहा ग्लास मांडले. बायको म्हणाली, "सोलकढी चाखायला लोक बोलावलेत का?" सहाव्या ग्लासातली एकटीच सोलकढीच्या जवळ होती. पहिल्या चार तर एकाच डबिंगच्या आहेत हे सांगूनही पटलं नसतं.

आकार

रंग जमला तरी फ्लाय चालत नसेल तर लांबी मोजा. अंदाज नको, मोजाच. पुण्यात शॉप फ्लोअरवर काढलेल्या वर्षांची सवय म्हणून माझ्याकडे डिजिटल व्हर्निअर असतं. माझ्या जाळीत आलेल्या पूर्ण वाढलेल्या अळ्या सहा ते आठ मिलिमीटर भरल्या, त्याआधीच्या वयाच्या आणखी लहान. सरळ दांडीच्या १४ नंबरच्या गळावर आपण सवयीने बांधतो ती फ्लाय यापेक्षा बरीच लांब होते. मेफ्लाय या दुसऱ्या माशीच्या पाण्यातल्या पिल्लासारखी (निम्फसारखी) मागे निमुळती, शेपटी लावलेली, पाठीवर पंखांची पेटी. ग्लॉसोसोमाला यातलं काहीच नाही. ती आखूड, गुबगुबीत, थोडी वाकलेली. मागचं टोक बोथट.

गळ वाकडा आणि आखूड घ्या, टीएमसी कंपनीचा २४८७ किंवा त्याची जाड तारेची बहीण २४५७, नंबर १८. पाणी चढलेलं आणि गढूळ असेल तर १६, फार संथ आणि नितळ असेल तर २०. शरीर वाकणाच्या सुरुवातीपर्यंतच न्या. पुढच्या बाजूला सुईने दोन-चार तंतू खाली ओढले की पाय झाले. खरं तर पाय नसले तरी मला फरक पडलेला दिसला नाही. मी ओढतो ते स्वतःच्या समाधानासाठी.

तळाशी जात नाही, किंवा गेली तर दगडासारखी जाते

अळी तळालगत वाहते. त्यामुळे फ्लाय तळालगतच हवी, यावर सगळ्यांचं एकमत. मग सगळे चकचकीत चांदीचा दोन मिलिमीटरचा टंगस्टनचा मणी लावतात. १८ नंबरच्या आखूड गळावर तो मणी म्हणजे निम्मी फ्लाय. खऱ्या अळीचं डोकं छोटं आणि काळपट, तुमच्या फ्लायचं डोकं हेलिकॉप्टरसारखं. शिवाय मण्याने जागा खाल्ली की शरीराला दोन वेढेच उरतात.

मणी लावायचाच असेल तर दीड मिलिमीटरचा, काळा. माझी पद्धत वेगळी. गळाच्या मधोमध ०.०१० इंचाच्या शिसंविरहित तारेचे पाच वेढे, त्यावर पांढरा दोरा. ही तार चांदीसारखी फिकी असते, शिशासारखी आतून काळी डोकावत नाही, म्हणजे पहिलं दुखणंही परत येत नाही. बाकीचं वजन फ्लायपासून वर पंधरा-वीस सेंटिमीटरवर टिनची बारीक गोळी लावून, किंवा दोन फ्लाय लावत असाल तर दुसरीच जड बांधून. गुलाबी फ्लाय मग हलकी राहते आणि प्रवाहात थोडी डुलते. तळाला अधूनमधून लागली पाहिजे. एकदाही लागत नसेल तर वजन कमी, दर वेळी अडकत असेल तर जास्त. टिपेट (फ्लाय जिला बांधतो तो दोरीचा शेवटचा बारीक भाग) ६एक्स जाडीचं, म्हणजे बारीकच, पुरे. जाड टिपेटला पाणी जास्त धरतं आणि इतकी छोटी फ्लाय ते वर ओढत ठेवतं.

दोन माशांत उसवते

ट्राउटचे दात बारीक असतात, पण डबिंगला पुरेसे. उपाय तारेचा सांगतात, सोनेरी बारीक तार उलट्या दिशेने वेढायची. टिकते, हे खरं. पण एवढ्या फिक्या शरीरावर सोनेरी पट्टे उठून दिसतात आणि ग्लासात बघितली तर गांधीलमाशीच वाटते. मी जुन्या, वापरलेल्या ६एक्स टिपेटचा तुकडा सुरुवातीलाच बांधून ठेवतो आणि डबिंगच्या उलट दिशेने चार-पाच वेढे देऊन पुढे बांधून टाकतो. दिसत नाही, शरीराला वळ्या पडतात आणि दहा-बारा मासे सहज टिकते. तरीही उसवत असेल तर डबिंग जास्त घेताय. वर निम्मं म्हटलं ते याच्यासाठीही.

लागतो आणि सुटतो

बहुतेक वेळा गुबगुबीत शरीराने गळाचं तोंडच बुजवलेलं असतं. शरीर आणि गळाचं टोक यांच्यातल्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग डबिंगने खाल्ला असेल तर खालच्या बाजूचं डबिंग कात्रीने सपाट कापा. नाहीतर आणखी रुंद तोंडाचा गळ वापरा. दुसरं कारण म्हणजे टोक बोथट. दगडांवरून दिवसभर घासलेली फ्लाय नखावर टेकवून बघा. नखावर घसरली तर बदला.

अळी बरोबर आहे, तरी मासे ढुंकूनही बघत नाहीत

मग कदाचित अळीची वेळ टळली आहे. दगड पुन्हा उचला. कोष होताना अळी खालचा पट्टा कापते आणि घुमट दगडालाच चिकटवून टाकते. बोटाने ढकललेला घुमट आता निघत नाही. निघालाच तर आत तपकिरी रेशमी पिशवी दिसते, दालचिनीच्या तुकड्यासारखी. बहुतेक घुमट असे घट्ट झाले की अळीची फ्लाय डबीत ठेवा आणि कोषाची काढा.

कोषाच्या फ्लायबद्दल थोडक्यात. माँटानाच्या गॅरी लाफाँटेन यांनी स्वतः पाण्याखाली उतरून कॅडिसचे कोष वर जाताना पाहिले आणि त्यांची चमक दाखवायला अँट्रॉनचा चकाकता कृत्रिम धागा वापरायचं चलन सुरू केलं. १८ नंबरवर त्यांच्यासारखा अंगाभोवती त्या धाग्याचा पूर्ण फुगा मला कधीच नीट जमलेला नाही, एका बाजूला कललेला भोपळा होतो. मी काळपट करड्या डबिंगमध्ये अँट्रॉनचे कापलेले तंतू मिसळतो आणि समोर एक मऊ पीस, एक किंवा दीड वेढा. इथे नेहमीची चूक पार्ट्रिज पक्ष्याचं पीस. त्याचे तंतू १८ नंबरसाठी फार लांब असतात. फ्लाय पाण्यात छत्रीसारखी उघडते. स्टार्लिंगचं पीस वापरा, काळसर, चमकदार आणि हवं तेवढं आखूड. ही फ्लाय आडव्या प्रवाहात टाकून, दोरी ताणली की आपोआप वर येऊ द्यायची.

हीच फ्लाय संध्याकाळीही चालते, त्याचं कारण वेगळं. पूर्ण वाढलेली माशी छोटी, काळपट, आणि तिची मादी अंडी घालायला पाण्यात बुडी मारते. म्हणून एल्क हेअर कॅडिस पाण्यावर तरंगवत बसलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जातो आणि त्याच्या खालच्या अंगाला ओल्या फ्लायचा झोका देणारा मासे काढतो. ग्रेलिंगच्या खाली बर्टन्स लँडिंग ते वेकली ब्रिज हा जो आठेक मैलांचा "होली वॉटर" पट्टा आहे, तिथे मी दोन्ही भूमिकांत उभा राहिलोय. तिथे फक्त फ्लाय चालते आणि मासा सोडून द्यावा लागतो, त्यामुळे तिथल्या ट्राउटनी सगळ्या दुकानांचा माल बघून झालेला आहे. ही गुलाबी अळी मात्र त्या मालात फारशी नसते आणि एवढ्या कटकटीनंतरही मी ती बांधतो ती त्यासाठीच.

जाता जाता एक. बाहेरून आलेले आम्हीच नाही. या नदीतला मूळचा ग्रेलिंग मासा १९३० च्या दशकात मिशिगनमधून नाहीसा झाला, गावाला तेवढं त्याचं नाव उरलं. ब्राऊन ट्राउट जर्मनीहून अंड्यांच्या रूपात आले आणि त्यांची पिल्लं १८८४ मध्ये याच राज्यात, पेर मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडली गेली. घुमटातली अळी तेवढी खरी इथली.

दुसऱ्या दिवशी रविवारी मेहुण्याने फोटो पाठवला. काचेचा ग्लास, त्यात फ्लाय, मागे त्याच्या खिडकीतला उजेड. रंग अगदी बरोबर. खाली लिहिलं होतं, "दाजी, जमली. पण टिपेट गळाच्या डोळ्यातून जाईना."

डोकं फार पुढे बांधलंयस आणि डोळ्यात गोंद गेलाय. गळाच्या डोळ्यामागे दोन वेढ्यांची जागा आधीच मोकळी सोडायची, डबिंग तिथवर आणायचंच नाही. गोंद ओला असताना कोंबड्याच्या पिसाचा देठ डोळ्यातून आरपार ओढायचा. सुकलाच असेल तर सुई तापवू नकोस, गळाचा ताव जातो. जुन्या, मोठ्या गळाचं टोक डोळ्यात घाल आणि हळूच फिरव. आणि हे घरी कर. नदीत गार पडलेल्या बोटांनी करायला गेलास तर फ्लाय पाण्यात जाईल आणि गळ बोटात.